बंदिवानांचा कैवारी जॉन हॉवर्ड

सुगीच्या उपकारस्तुतीचा दिवस आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत मोठ्या आनंदाचा असतो. कोणी ज्वारीची पायली आणितो, कोणी कोंबडें, कोणी भोपळा, कोणी पदरच्या गांठीला बांधलेलीं चार नाणीं. मग दानांची यादी वाचली जाते, आणि ज्याचें नांव वाचावयाचें राहिलें तो मनांतल्या मनांत खट्टू होऊन घरीं जातो. आमच्याकडेहि कधीं कधीं पत्र येतें कीं, अमक्या मंडळीनें वर्गणी दिली असतां तिचें नांव छापावयाचें कां राहिलें? आम्ही अशा बांधवांस दोष देत नाहीं. आपलें नांव छापलेलें पाहून आम्हांसहि बरें वाटतें. तथापि दानधर्म गुप्तपणें करावा, उजवा हात काय करितो हें डाव्या हातासहि कळूं देऊं नये, ही प्रभूची शिकवण अशा वेळीं आठवली म्हणजे मनाला टोंचणी लागते. ही शिकवण खरोखर पाळतां येते काय? ती पाळण्याची आयुष्यभर खटपट केलेल्या एका गृहस्थाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव जॉन हॉवर्ड.

हॉवर्डसाहेबांचा जन्म १७२६ सालीं लंडन शहराजवळ झाला. त्यांचे वडील गाद्या-बिछायतीचा व्यापार करून श्रीमंत झाले होते. आई लहानपणींच वारली. मुलगा प्रकृतीनें नाजूक व विद्येंत मंद निघाला. पुढें जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हांहि त्याची भाषा मित्रांकडून तपासून घ्यावी लागली, इतकें त्यांचें व्याकरण कच्चें राहिलें होतें. बापानें त्यांस एका घाऊक वाण्याच्या पेढीवर उमेदवारीस ठेविलें. पण १७४२ सालीं बाप वारला आणि सोळाव्या वर्षीं हा मुलगा मोठ्या संपत्तीचा वारस झाला. हातीं पैसा आणि डोक्यावर कोणी नाहीं, अशा स्थितींत तरुणांचें काय होतें हें आपण पाहतोंच. परंतु हॉवर्ड यांच्या घराण्यांत देवाचें भय होतें. ते इंग्लंडच्या सरकारी मंडळीबाहेरील स्वतंत्र मंडळीपैकीं होते, आणि रविवारचा विसांवा व नित्याची प्रार्थना त्यांनीं परदेशांतील प्रवासांतहि सोडली नाहीं.

पंचविशीच्या सुमारास ते फार आजारी पडले. ज्या घरीं ते भाड्यानें राहत होते तेथील मालकीण, पन्नाशी उलटलेली एक विधवा बाई, हिनें त्यांची मनोभावें शुश्रूषा केली. बरे झाल्यावर त्यांनीं तिच्याशीं लग्न केलें. लोक हंसले असतील. परंतु उपकार फेडण्याचा दुसरा मार्ग त्या कृतज्ञ मनाला सुचला नाहीं. तिचे जे थोडेसे पैसे होते ते त्यांनीं तिच्या बहिणीस देऊन टाकिले. तीनच वर्षांनीं, १७५५ सालीं, ती बाई देवाघरीं गेली.

त्याच वर्षीं पोर्तुगालांतील लिस्बन शहर भूकंपानें उध्वस्त झालें होतें. तें पाहण्यास हॉवर्डसाहेब जहाजानें निघाले असतां वाटेंत फ्रेंच लुटारू जहाजानें त्यांस पकडलें. चाळीस तासपर्यंत अन्न नाहीं, पाण्याचा थेंब नाहीं. मग ब्रेस्ट बंदराच्या किल्ल्यांतील अंधारकोठडींत सर्व कैद्यांस ढकललें. निजावयास गवत, आणि पुष्कळ वेळानें आंत फेंकलेला मांसाचा एक तुकडा, तोहि सुरी नसल्यामुळें जनावरांप्रमाणें दातांनीं तोडून खावयाचा! सहा रात्री त्यांनीं तेथें काढिल्या. पुढें सुटका झाली, तेव्हां ते स्वस्थ घरीं बसले नाहींत. मागें राहिलेल्या सोबत्यांसाठीं त्यांनीं सरकारदरबारीं खटपट केली. कैदी म्हणजे काय हें त्या सहा रात्रींनीं त्यांना शिकविलें. मात्र त्या धड्याचा पुरता उपयोग होण्यास सतरा वर्षें जावयाचीं होतीं.

मधल्या काळांत ते बेडफर्ड परगण्यांतील कार्डिंग्टन या गांवीं आपल्या जमिनीवर राहत होते. १७५८ सालीं त्यांनीं हेन्रिएटा नांवाच्या धर्मशील बाईशीं दुसरा विवाह केला. गांवांतील कुळांच्या झोंपड्या ओलसर व मोडकळीस आलेल्या होत्या. हॉवर्डसाहेबांनीं त्या एकामागून एक पाडून तेथें कोरडीं, हवेशीर घरें बांधून दिलीं आणि मुलामुलींसाठीं शाळा चालविल्या. असें सांगतात कीं, एके वर्षीं हिशेब केल्यावर कांहीं शिल्लक उरली, तेव्हां त्यांनीं पत्नीस लंडनची सहल करविण्याचें मनांत आणिलें. पण तेवढ्या पैशांत एका कुटुंबाचें घर होईल हें बाईनें सुचविलें, आणि सहल राहून घर उभें राहिलें. १७६५ सालीं एका मुलास जन्म देऊन आठवड्याभरांत ती साध्वी मरण पावली. त्या मुलाविषयीं आम्हांस पुढें लिहावयाचें आहे.

१७७३ सालीं हॉवर्डसाहेबांस बेडफर्ड परगण्याचे शेरीफ नेमण्यांत आलें. सरकारी मंडळीबाहेरच्या मनुष्यानें असा हुद्दा घेतल्यास त्यास जबर दंड होईल असा त्या काळीं कायदा होता. तो धोका पत्करून त्यांनीं काम हातीं घेतलें. तुरुंगाची देखरेख हें शेरीफाच्या अनेक कामांपैकीं एक. पण बहुतेक शेरीफ तें नांवापुरतें करीत व तुरुंगाची पायरीहि चढत नसत. हॉवर्डसाहेब स्वतः आंत गेले. ‘यात्रिकक्रमण’ या आपल्या वाचकांच्या आवडत्या पुस्तकाचा कर्ता जॉन बनियन शंभर वर्षांपूर्वीं सुवार्तेसाठीं ज्या बेडफर्डच्या तुरुंगांत बारा वर्षें होता, तोच हा तुरुंग.

तेथें त्यांनीं जें पाहिलें त्यानें त्यांची झोंप उडाली. तुरुंगाच्या दरोग्यास पगार नव्हता. कैद्यांकडून घेतलेल्या फीवर त्यानें पोट भरावें अशी वहिवाट होती. त्यामुळें न्यायाधीशानें निर्दोषी म्हणून सोडलेला मनुष्यहि दरोग्याचे १५ शिलिंग ४ पेन्स आणि पहारेकऱ्याचे २ शिलिंग दिल्यावांचून बाहेर पडूं शकत नसे. ज्याच्यापाशीं पैसे नाहींत त्यानें कोठून आणावेत? म्हणून अपराध शाबीत न झालेले लोक महिनेचे महिने तेथेंच कुजत पडत. हॉवर्डसाहेबांनीं परगण्याच्या न्यायाधिकाऱ्यांस विनंति केली कीं, दरोग्यास पगार द्यावा. ते म्हणाले, दुसऱ्या कोणत्या परगण्यांत असें होतें तें दाखवा. तेव्हां साहेबांनीं घोड्यावर खोगीर घातलें आणि शेजारच्या परगण्यांतून असा दाखला शोधीत निघाले. दाखला कोठेंच मिळाला नाहीं. मिळालें तें बेडफर्डपेक्षांहि भयंकर दुःख. एका परगण्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, असें करतां करतां त्यांनीं सारें इंग्लंड पालथें घातलें. त्या दिवशीं आरंभलेला प्रवास मरणापर्यंत थांबला नाहीं.

या कामांत जिवाचें भय होतें. तुरुंगांत एक ताप असे. त्यानें फांसावर जाणाऱ्यांपेक्षां अधिक कैदी मरत. १७५० सालीं लंडनच्या न्यायालयांत आणलेल्या कैद्यांपासून तो ताप पसरला आणि नगराध्यक्ष, न्यायाधीश व इतर मिळून चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. घाणेरड्या हवेनें तो होतो अशी तेव्हांची समजूत. म्हणून हॉवर्डसाहेब शिरक्याची कुपी हुंगत कोठड्यांत शिरत. बाहेर आल्यावर त्यांच्या कपड्यांस इतकी दुर्गंधि येई कीं, बंद गाडींत बसणें अशक्य होई. म्हणून ते पावसाथंडींतहि घोड्यावरूनच जात. टिपणवहीचीं पानेंसुद्धां विस्तवापुढें धरून वाळविल्यावांचून उघडवत नसत. हा ताप उवांपासून पसरतो हें १९०९ सालीं सिद्ध झालें. हॉवर्डसाहेबांस हें ठाऊक नव्हतें; परंतु कैद्यांस स्नान, स्वच्छ कपडे, मोकळी हवा व पाणी मिळालें पाहिजे असा जो आग्रह त्यांनीं धरिला, तो अगदीं योग्य ठिकाणीं बसला होता.

त्यांच्या कामाची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. ते मोठीं भाषणें करीत नसत. कोठडींत उतरून तिची लांबीरुंदी मोजीत, भाकरीचें वजन करून पाहत, विहीर आहे कीं नाहीं, गवत किती दिवसांनीं बदलतात, पायांतील बेड्या किती वजनाच्या, हें सर्व टिपून ठेवीत. १७७४ सालीं पार्लमेंट सभेनें त्यांची साक्ष घेऊन त्यांचे जाहीर आभार मानिले आणि त्याच वर्षीं दोन कायदे केले. एकानें निर्दोषी ठरलेल्यांकडून फी घेणें बंद झालें, दुसऱ्यानें तुरुंगांतील आरोग्याची व्यवस्था लावून दिली. दुसरा कोणी असता तर आभारांचा ठराव चौकटींत घालून भिंतीस लावता. हॉवर्डसाहेबांनीं स्वतःच्या खर्चानें ते कायदे छापून देशांतील प्रत्येक दरोग्याकडे पाठविले, आणि ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहण्यास पुन्हां घोड्यावर बसले.

१७७७ सालीं इंग्लंड व वेल्स यांतील तुरुंगांच्या स्थितीविषयीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनीं छपाईच्या खर्चाहून कमी किंमतींत विकला व पुष्कळ प्रती फुकट वांटल्या. त्या ग्रंथांतील मोजणीप्रमाणें देशांत ४,०८४ कैदी होते, आणि त्यांतले २,४३७ चोर नव्हते कीं खुनी नव्हते. ते केवळ कर्ज फिटत नाहीं म्हणून कोंडलेले होते. सावकाराचा फांस काय असतो हें आपल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. हे आंकडे प्रसिद्ध होईपर्यंत इतके लोक कोठें पडले आहेत याची मोजदाद कोणी केली नव्हती.

पुढें हॉवर्डसाहेबांनीं हॉलंड, जर्मनी, फ्रान्स, इटली, रशिया, स्पेन इत्यादि देशांतील तुरुंग व इस्पितळें पाहिलीं. या कामीं सुमारें ५०,००० मैलांचा प्रवास व स्वतःचे सुमारें ३०,००० पौंड खर्च झाले असा अंदाज आहे. ते मांस खात नसत, दारू पीत नसत. भाकरी, फळें, दूध व चहा यांवर त्यांचा निर्वाह होई. मोठ्या लोकांच्या मेजवान्या त्यांनीं टाळल्या. एकदां फ्रान्समध्यें शिरण्यास सरकारची मनाई होती, तर नांव लपवून, वैद्याच्या वेषानें मार्सेय बंदरांतील रोग्यांचें विलगीकरणगृह ते पाहून आले. पकडले जाते तर ब्रेस्टपेक्षांहि वाईट तुरुंग भोगावा लागता. नंतर प्लेगच्या सांथीचा प्रतिकार कसा करावा हें शिकण्यासाठीं ते तुर्की मुलखांत गेले, आणि विलगीकरणांत माणसाचें काय होतें याचा स्वतः अनुभव घ्यावा म्हणून स्मर्ना बंदराहून मुद्दाम प्लेगचा संशय असलेल्या जहाजांत बसून व्हेनिस शहरीं आले. तेथील घाणेरड्या खोलींत ते कित्येक आठवडे कोंडून राहिले.

याच सफरींत, १७८६ सालीं, त्यांस घरून दोन बातम्या आल्या. एक ही कीं, इंग्लंडांतील मोठमोठ्या लोकांनीं त्यांचा पुतळा उभारण्यासाठीं वर्गणी सुरू केली असून पैसा भराभर जमत आहे. दुसरी ही कीं, त्यांचा एकुलता एक मुलगा व्यसनांत बुडून वेडा झाला आहे.

वाचकहो, या दोन पत्रांजवळ आपण थोडें थांबूं. आईवेगळा हा मुलगा बापाच्या सहवासावांचून वाढला होता. बाप परक्यांच्या मुलांच्या बेड्या तोडीत होता, तेव्हां घरचा मुलगा पापाच्या बेडींत अडकत होता. हॉवर्डसाहेबांच्या मरणानंतर कित्येकांनीं त्यांजवर मुलाशीं कठोरपणें वागल्याचा आरोप केला. त्यांच्या स्नेह्यांनीं तो साफ नाकारिला. कोणाचें खरें तें देव जाणे. पण जे उपदेशक व पंतोजी महिन्यांतले वीस दिवस गांवोगांव फिरतात, त्यांनीं या ठिकाणीं आपापल्या घराकडे पाहिल्यावांचून पुढें वाचूं नये असें आम्हांस वाटतें. सत्पुरुषांच्या चरित्रांतील जखमा झांकून आम्ही त्यांस मोठे करूं इच्छीत नाहीं. हॉवर्डसाहेबांची ही जखम कधींच भरली नाहीं. १७८७ सालीं ते परत आले, मुलास पाहिलें, आणि त्यास लेस्टर येथील वेड्यांच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. बापाच्या मागें नऊ वर्षांनीं तो तेथेंच वारला.

आतां पुतळ्याचें काय? जगाच्या रीतीनें पाहिलें तर दुःखांत बुडालेल्या बापास तेवढाच एक दिलासा होता. परंतु त्यांस तो दिलासा वाटला नाहीं, शिक्षा वाटली. हा बेत ताबडतोब सोडून द्यावा असें त्यांनीं कळकळून लिहिलें, आणि स्नेह्यांच्या या घाईमुळें आपल्या कामास अपाय होईल असें कळविलें. शेवटीं वर्गणीदारांस नमावें लागलें व कित्येकांनीं आपले पैसे परत घेतले. हें पुष्कळांस मोठें नवल वाटलें. आम्हांस त्यांत नवल दिसत नाहीं. ज्याचें घर असें मोडलें आहे आणि ज्याच्या डोळ्यांपुढें तळघरांतील हजारों चेहरे आहेत, त्यास संगमरवरांत कोरलेला स्वतःचा चेहरा पाहवणार कसा? आपण काय केलें यापेक्षां काय राहिलें हेंच त्याला दिसत असतें.

१७८९ सालीं प्लेगविषयींचा दुसरा ग्रंथ छापून ते पुन्हां निघाले, आणि जातांना परत येण्याची आशा त्यांस फारशी नव्हती. त्या हिवाळ्यांत ते काळ्या समुद्राजवळील खेर्सोन या गांवीं होते. हें शहर आज युक्रेन देशांत आहे. तेव्हां रशिया व तुर्कस्थान यांचें युद्ध चालू होतें आणि लष्करी इस्पितळांत शिपाई तापानें मरत होते. त्या परक्या शिपायांच्या खाटांमधून फिरणें हें या त्रेसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचें शेवटचें काम. दूरच्या एका घरीं एक तरुण मुलगी तापानें आजारी होती. बोलावणें आलें म्हणून थंडीवाऱ्यांत घोड्यावर बसून ते तिला पाहण्यास गेले. मुलगी वांचली नाहीं, आणि तोच ताप त्यांस जडला. १७९० सालच्या जानेवारीच्या २० व्या तारखेस त्यांनीं देह ठेविला.

मरण्यापूर्वीं रशियाच्या नोकरींतील एका इंग्रज नौसेनापतीस त्यांनीं आपली इच्छा सांगून ठेविली होती. अंत्यविधींत कोणताहि थाटमाट नसावा. कबरेवर स्मारक किंवा लेख नसावा. जमिनींत साधेपणें पुरून वर एक सूर्यघटिका बसवावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यास वेळ कळेल. आणि आपणांस विसरून जावें.

ही इच्छा कोणीं पाळली नाहीं. प्रेतयात्रेस हजारों लोक लोटले. पुढें खेर्सोन शहरांत त्यांच्या नांवाचा स्तंभ उभा राहिला. आणि लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत कांहीं वर्षांतच त्यांचा पुतळा बसविण्यांत आला. त्या मंदिरांतील तो सर्वांत पहिला पुतळा. अंगावर रोमी पोशाख, हातांत किल्ली, पायांखालीं बेड्या. जिवंतपणीं जें त्यांनीं अडविलें तें मेल्यावर त्यांस अडवितां आलें नाहीं.

मग गुप्तपणें सेवा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रभूनें आपणांस अज्ञात राहण्याची आज्ञा केलेली नाहीं; लोकांनीं पाहावें म्हणून करूं नका असें सांगितलें आहे. एखाद्याचें नांव होणें हें त्याच्या हातीं नसतें. त्या नांवासाठीं जगणें मात्र त्याच्या हातीं असतें. हॉवर्डसाहेब कोठडींत उतरत तेव्हां तेथें पाहावयास कोणी नसे. ज्या निर्दोषी मनुष्याची फी माफ झाली व जो संध्याकाळीं आपल्या मुलांत जाऊन बसला, त्याला कोणाचे आभार मानावयाचे हें बहुधा ठाऊकहि नसेल. राजा न्यायासनावर बसून, मी बंदिशाळेंत असतां तुम्ही मजकडे आलां, असें ज्यांस म्हणेल ते विचारतील, प्रभो, हें केव्हां घडलें? केलेल्या चांगल्या कामाचा हिशेब ज्यानें ठेविलाच नाहीं त्याच्याच तोंडीं हा प्रश्न शोभतो.

आपल्या गांवीं कोणी कर्जापायीं खचला असेल, कोणाचा मुलगा तालुक्याच्या कोठडींत असेल आणि लाजेनें त्याची आई देवळांत येत नसेल, कोणा म्हातारीस पत्र वाचून दाखविणारें कोणी नसेल. तेथें जाण्यास शेरीफ असावें लागत नाहीं, कीं पुढच्या सुगीची वाट पाहावी लागत नाहीं. जाऊन यावें, आणि आम्हांस कळवूं नये. या पत्रांत तें छापलें जाणार नाहीं, आणि जो गुप्तांत पाहतो त्यास तें छापून दाखविण्याची गरजहि नाहीं. तो आपणां सर्वांस असें मन देवो.